लांब पायांचं टेबल

६ जानेवारी

ती. दादांना धाकटीचा सा. न. वि. वि.

अक्षर मोठं काढते आहे, म्हणजे वहिनींनाही पडल्यापडल्या वाचता येईल. तुम्हाला फोन करण्यात अर्थ नाही हे मागच्या वेळी पुन्हा एकदा कळलं. मी ओरडून ओरडून घसा बसवला, शेजारपाजारच्यांना आमच्या घरातलं सगळं समजलं आणि तुम्हाला काहीच नाही. करवतीच्या यंत्रापाशी जन्म काढलात आणि कान तिथेच ठेवून आलात. तेव्हा आपलं पत्रच बरं.

आमच्या नातीची बातमी फारशी चांगली नाही. ठकू आता तेरा वर्षांची झाली. अंग सात वर्षांच्या पोरीचं आणि तोंड साठीच्या बाईचं. जन्मल्यापासून तिच्या स्नायूंना नसांचा निरोप नीट पोचत नाही, हे तुम्ही पाहत आला आहात. चालली कधीच नाही, पण चाकाच्या खुर्चीत बसायची मात्र छान. आता बसणंही कलंडायला लागलं आहे. कणा डावीकडे इतका झुकलाय की फासळ्या कमरेच्या हाडावर टेकतात. तुम्ही पाठवलेली उशी डावीकडे खोचली की थोडा वेळ सरळ दिसते, मग पुन्हा हळूहळू कलते. संध्याकाळी शाळेतून आली की त्या बाजूचं हाड ठणकतं, पण ती सांगत नाही. नुसती चिडते.

सोमवारी इस्पितळात गेलो होतो. फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नळीत फुंकायला लावलं. आकडा मागच्या वर्षीपेक्षा बराच खाली आला. ठकूनं विचारलं की पास की नापास. बाई हसल्या आणि आकडा कागदावर टिपून घेतला. मग कण्याच्या डॉक्टरांनी फोटो लावून दाखवला. त्यांचं म्हणणं, मानेच्या खालपासून कमरेपर्यंत दोन सळ्या घालायच्या, स्क्रूंनी मणक्यांना आवळायच्या आणि कणा सरळ करून कायमचा जोडून टाकायचा.

जाताना त्यांनी एक गंमतच केली. खिशातून बिस्किटाचा पुडा काढला आणि तिला म्हणाले की आमच्यासमोर एक खाऊन दाखव. तिची खायची तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहे. उजवं कोपर टेबलावर रोवायचं, सगळं अंग पुढे टाकायचं आणि मान खाली नेऊन हातातल्या घासाला तोंड लावायचं. हात वर जात नाही, म्हणून तोंड खाली येतं, पाखरू पाणी पितं तसं. डॉक्टर आणि त्यांच्या सोबतच्या बाई दोघं टक लावून पाहत होते. मला वाटलं, लाड करताहेत.

कळावे. लोभ आहेच, या महिन्यात तो जरा जास्त लागेल.

तुमची,
धाकटी


१४ जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पावले.

दोनदा वाचले. एकदा मी आणि एकदा तुझ्या वहिनीने. तिचे कंबरेखालचे तसेच आहे. उठता येत नाही, पण हुकूम चालू आहेत, त्यावरून तब्येत ठीक समजावी. तिला सोडून मला दोन तासही बाहेर जाता येत नाही, म्हणून निघून येत नाही. नाहीतर पत्राच्या आधी मी आलो असतो.

वाचनालयातून शरीराचे एक जाड पुस्तक आणले आणि भिंग लावून कण्याचा धडा वाचला. मी शाळेत फार गेलो नाही. पुस्तकांशी जमले ते पुढे, दुपारच्या सुट्टीत लाकडाच्या ढिगावर बसून. अर्धे कळते, अर्धे मी माझ्या मनाने लावतो. मला तर ते सगळे ओल्या फळीसारखे वाटले. एका बाजूने ओढ लागली की फळी बाक धरते आणि मग वजन त्याच बाकावर पडून तो वाढतच जातो. पण फळीला मी शिकंज्यात धरून ठेवू शकतो. पोरीला धरता येत नसेल का? मागच्या पानावर एक नकाशा काढला आहे. पातळ प्लायच्या पट्ट्या, आतून मऊ चामडे, पुढून बंद. दिवसभर घातले तर कणा आणखी वाकणार नाही असे मला वाटते. सुताराचे डोके, दुसरे काय सुचणार. डॉक्टरांना दाखव. हसले तर हसू दे.

आणि हे ऑपरेशन केले नाही तर काय होईल, ते मला नीट लिही. गोड करून लिहू नकोस.

एक विचारायचे राहिले. बिस्कीट कशाला खायला लावले? डॉक्टर उगाच कोणाचे लाड करत नाहीत.

तुझा,
दादा


२७ जानेवारी

ती. दादांस सा. न. वि. वि.

तुमचा नकाशा डॉक्टरांना दाखवला. हसले नाहीत. उलट बराच वेळ पाहिला आणि म्हणाले की काम सुरेख आहे, पण असा पट्टा बसायला आधार देतो, या आजारातला बाक थांबवत नाही. आठ वर्षांची असताना तिनं प्लास्टिकचा घातलाच होता, विसरलात का? त्यात ती सरळ दिसायची आणि आत बाक आपला वाढतच होता.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. केलं नाही तर ती आणखी कलंडेल, फुप्फुसं दबत जातील, प्रत्येक सर्दी इस्पितळात नेईल आणि मग बसताच येणार नाही. वर्षभर थांबलो तर भूल द्यायलाही कोणी धजणार नाही. केलं तर रक्त फार जातं, जंतू शिरण्याची भीती, आणि श्वासाची नळी घातली की ती निघेलच असं कोणी छातीठोक सांगत नाही. डॉक्टर भला माणूस आहे. काही लपवलं नाही. एक बरी गोष्टही सांगितली, की सरळ झाल्यावर बसल्या जागी उंची वाढेल, नवे झगे शिवायची तयारी ठेवा. सूनबाईनं तेवढंच धरलं आणि दुसऱ्याच दिवशी लांब झग्यांचं कापड आणलं. त्या दिवसांत तिला करता येण्यासारखं तेवढंच होतं.

आता बिस्किटाचं. डॉक्टरांसोबत होत्या त्या हातांचे व्यायाम घेणाऱ्या बाई. त्यांनी मुलगा, सूनबाई आणि मी अशा आम्हा तिघांना वेगळं बसवून सांगितलं की सळ्या घातल्यावर पाठ वाकणार नाही. आज तिचं तोंड हातापर्यंत जातं ते पाठीच्या जोरावर. उद्या पाठ ताठ राहील, तोंड वर राहील आणि हात खालीच. बहुधा तिला भरवावं लागेल.

दादा, कपडे आपण घालतो, अंघोळ आपण घालतो, कूस आपण वळवतो. सगळ्या दिवसात ती स्वतःची स्वतः करते अशी एकच गोष्ट आहे. कोणी चमच्याला हात लावला तर चावायला येते.

सूनबाईचं म्हणणं, तिला आत्ता सांगायचं नाही. सांगितलं तर ती नाही म्हणेल, आणि तिनं नाही म्हटलं तर आपण काय करणार? मुलगा बस दुरुस्तीच्या कारखान्यातून येतो, हात धुवायला जातो आणि धूतच राहतो. आणि मी रोज समोर बसते. ती मान खाली घालून एकेक वाटाणा टिपते आणि मी दुसरीकडे बघते. मार्चमधली तारीख मिळाली आहे.

तुम्ही काही सुचवा असंही म्हणवत नाही. नुसतं लिहीत राहा, तेवढा लोभ असू द्या.

धाकटी


५ फेब्रुवारी

ती. मामाआजोबांना ठकूचा शि. सा. न.

हे पत्र आजीला माहीत नाही. पाकिटावर पत्ता मैत्रिणीनं लिहिलाय आणि पेटीतही तिनंच टाकलं. तिला वर्गात फूटपट्टी म्हणतात, कारण ती लांब आहे. तुमचं उत्तर तिच्या घरी पाठवा, पत्ता मागे आहे.

घरात सगळे माझ्यापासून एक गोष्ट लपवताहेत आणि कोणालाच ती नीट लपवता येत नाही. डॉक्टर उगाच बिस्कीट देत नाहीत. म्हणून मी आणि फूटपट्टीनं एक प्रयोग केला. चित्रकलेचा लाकडी बोर्ड माझ्या पाठीमागे उभा घातला आणि दप्तरांच्या पट्ट्यांनी मला त्याला आवळलं. अगदी सरळ केलं नाही, दुखत होतं, पण वाकता येणार नाही असं. मग हातात बिस्कीट घेतलं. ते झग्याच्या दुसऱ्या बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. वर तोंड, खाली बिस्कीट आणि मध्ये मी. फूटपट्टीला आधी हसू आलं, मग रडू आलं. मला बिस्कीट हवंच होतं, म्हणून तिनं भरवलं. तिला भरवता येत नाही. नाकात घातलं.

पण मला ऑपरेशन हवं आहे. झोपल्यावर श्वास पुरत नाही, हे मी आईला सांगितलेलं नाही. ती आधीच झगे शिवत बसली आहे. आणि डावं हाड इतकं दुखतं की शाळेत शेवटच्या तासाला मला काही ऐकू येत नाही.

म्हणून एक काम आहे. मला एक टेबल करा. उंच. पोटाशी अर्धगोल कापलेलं, म्हणजे खुर्ची आत शिरेल. माझं कोपर त्यावर हनुवटीच्या जवळ ठेवलं तर हाताला फक्त थोडंसंच वळायचं राहील. तेवढं त्याला येतं. फूटपट्टीनं जमिनीपासून माझ्या हनुवटीपर्यंतचं माप घेतलंय आणि खुर्चीच्या रुंदीचंही. खाली लिहिलंय. तिनं दोनदा घेतलं, दोन्ही सारखी आली.

कोणाला सांगू नका. आजीला तर नाहीच. ती चेहऱ्यानं सगळं बोलते.

तुमची,
ठकू


१२ फेब्रुवारी

चि. ठकूस मामाआजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी बराच वेळ रंधा हातात धरून उभा होतो. तुझ्या मामीआजीने आतून हाक मारली, ती ऐकू आली नाही म्हणून तिने चप्पल फेकली. नेम चांगला आहे तिचा.

टेबल करतो. जुन्या दाराची एक फळी जपून ठेवली आहे. वाळून वाळून आता तिच्यात बाक धरायची हिंमत उरलेली नाही. कडा गोल करीन. कोपर ठेवायच्या जागी किंचित खळगा करीन, म्हणजे ते घसरणार नाही. कडेला बारीक काठ लावीन, वाटाणे पळून जाऊ नयेत म्हणून. पाय बोल्टांवर बसवतो. गाडीतून येताना सुटे येतील, तुझे बाबा जोडतील.

घरी कळवताना वाचायचे टेबल म्हणून कळवतो. पण ठकू, एक सांगू? ते लपवतात तुझ्या काळजीने आणि तू लपवतेस त्यांच्या काळजीने. मधल्या मधे मी दोन्हीकडचे गुपित सांभाळत बसलो आहे, आणि मला तर धड ऐकूही येत नाही. त्यांना सांग. कधी सांगायचे ते तुझे तू ठरव.

श्वासाचे मात्र डॉक्टरांना आजच सांग. त्यात ठरवायचे काही नाही. आठ दिवसांत तू सांगितले नाहीस तर मी आजीला लिहीन, मग तू माझ्यावर रुसलीस तरी चालेल.

तुझा,
मामाआजोबा


२२ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मालगाडीने एक टेबल पाठवले आहे. ठकूला वाचायला. उंच वाटेल, पण तसेच असू दे. पायांचे बोल्ट वेगळ्या पुडीत आहेत. ऑपरेशन होऊन ती घरी येईपर्यंत पुठ्ठ्यातून काढू नका.

पोरीला खरे ते सांगा. याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि का येत नाही ते विचारू नकोस. तिला झोपेत श्वास पुरतो का, हेही डॉक्टरीणबाईंना विचार. आजच.

इकडे माझे हात अलीकडे थोडे कापतात. काठ लावताना दोन खिळे वाकले. बाकी टेबल मनासारखे झाले आहे. बऱ्याच वर्षांनी एखादी वस्तू पाठवताना हातातून सोडवेना, असे झाले.

दादा


१६ मार्च

ती. दादांस सा. न. वि. वि.

इस्पितळाच्या जिन्यात बसून लिहिते आहे.

तुमच्या पत्रानंतर डॉक्टरीणबाईंकडे गेलो. झोपताना लावायचा श्वासाचा मुखवटा त्यांनी दिला आणि तो आधी काही दिवस लावून घेतला. बरं झालं. नंतर कळलं की ठकूनं त्यांना आमच्या आधीच सांगून ठेवलं होतं.

दादा, तुम्हीसुद्धा! ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी इस्पितळाच्या खोलीत जेवण आलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. प्रयोग, फूटपट्टी, टेबल, सगळं. मी तुमच्यावर फार रागावले आहे, पण त्याला सवडीनं वेळ देईन. मग ठकू म्हणाली की आज मी एकटी जेवणार, तुम्ही बाहेर जा आणि दार लावून घ्या.

आम्ही तिघं दाराबाहेर उभे राहिलो. चमचा ताटलीला लागल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा चमचा. भात होता, वाटाणे होते, उकडलेलं अंडं होतं. नर्स ताट न्यायला आली तर मुलानं तिला हातानं अडवलं. आत गेलो तेव्हा ताट पुसल्यासारखं स्वच्छ होतं आणि कडेला एकच वाटाणा ठेवला होता. म्हणाली की तो परत आल्यावर खाईन.

ऑपरेशन झालं. सकाळी नेली ती संध्याकाळी बाहेर आली. रक्त बरंच द्यावं लागलं. कणा पुष्कळ सरळ झाला म्हणतात. पण श्वासाची नळी अजून तोंडात आहे. काल काढून पाहणार होते, जमलं नाही. छातीत कफ साठतो आणि तो खोकून टाकायला तिच्याकडे जोर नाही. यंत्र तिच्यासाठी खोकतं. आम्हाला थोडा वेळ आत सोडतात. हात धरायचा तर सगळ्या नळ्या, म्हणून मी तिच्या पायाचा अंगठा धरते. डोळे उघडे असतात. काही विचारलं की एकदा मिटते म्हणजे हो. दुखतं का म्हणून मी विचारतच नाही.

करण्यासारखं काही नाही. डॉक्टर करतात, यंत्र करतं, आम्ही जिना वरखाली करतो.

वहिनींना सांगा. लोभ तिच्यावर राहू द्या, माझ्या वाट्याचाही.

धाकटी


२१ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

काय लिहू? शरीराचे पुस्तक वाचनालयात परत केले. त्यात पुढचे काही नव्हते.

कामाला बसतो आणि रंधा नुसता फिरवतो. फळी पातळ होत जाते, तिचे काही करायचे नसते. तुझी वहिनी म्हणते की बसून राहा, पण मला बसता येत नाही आणि तिला उठता येत नाही.

दोन ओळी लिही. एक ओळ चालेल. नळी निघाली एवढेच लिहिलेस तरी पुरे.

दादा


१२ एप्रिल

ती. दादांस सा. न. वि. वि.

नळी निघाल्याचं कार्ड तुम्हाला मिळालं असेल, आणि लगेच पुन्हा घातल्याचंही. न्यूमोनियानं गाठलं होतं. ते दिवस मी लिहीत नाही. तुम्हाला कळवायला माझ्याकडे शब्द नव्हते आणि ऐकायला तुमच्याकडे कान नव्हते, एवढंच बरं.

ठकू घरी आली आहे. झोपताना मुखवटा लागतो, दिवसा आपला आपण श्वास घेते. डाव्या हाडाचं ठणकणं गेलं. आणि बसते, दादा! खुर्चीत सरळ, खांबासारखी. इतकी वर्षं मी तिच्याशी वाकून बोलत आले, आता ती समोरासमोर बघते. सूनबाईनं शिवलेले लांब झगे बरोब्बर झाले. फक्त खाली पडलेलं काही दिसत नाही तिला, मान तेवढी वाकत नाही.

रविवारी मुलानं तुमचं टेबल जोडलं. बोल्ट सगळे नीट बसले. आम्ही ते गुळगुळीत लाकूड हातानं चाचपून पाहिलं. खुर्ची आत शिरली. मग तिचा हात उचलून त्या खळग्यात कोपर ठेवलं.

खळगा तिच्या फासळ्यांपाशी आला. हनुवटी तिथून वीतभर वर.

काही क्षण कोणाला कळलंच नाही काय झालं ते. मग सूनबाईनं स्वतःच्याच तोंडावर हात मारला. झग्यांना वाढीव कापड तिनं सोडलं होतं, आणि टेबलाचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. ठकू म्हणाली की वाचायला छान आहे.

मुलानं पायांखाली विटा ठेवून पाहिल्या. पण खुर्चीचं चाक लागलं की टेबल डुगडुगतं आणि चमच्यातलं सगळं सांडतं. एकदा कलंडता कलंडता राहिलं, म्हणून विटा काढल्या.

आता मी भरवते. तोंड उघडते, गिळते, खिडकीबाहेर पाहते. चावायला येत नाही. आली असती तर बरं वाटलं असतं.

रागावू नका स्वतःवर. मी ओळखते तुम्हाला, म्हणून लिहिते.

धाकटी


१८ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

फूटपट्टीचे माप बरोबर होते. त्या पोरीला कोणी बोलू नका. वाकलेल्या ठकूचे माप मला मिळाले आणि मी सरळ ठकूला टेबल पाठवले. बाक निघाला की लांबी वाढते हे मला कोणी शिकवायला नको होते. तूच लिहिले होतेस की उंची वाढेल. मी ते वाचले, तुझ्या वहिनीलाही वाचून दाखवले, आम्ही दोघे हसलो, आणि मी जाऊन पाय कापले.

यावरून तू आता समजूत काढत बसू नकोस.

चार नवे पाय पाठवतो आहे. या वेळी माप मागत नाही. पाय लांब ठेवले आहेत, लागतील त्याहून पुष्कळ लांब. जुने काढून हे बसवा, बोल्टांची भोके तीच आहेत. ठकूला खुर्चीत बसवून तिलाच ठरवू दे की कुठवर हवे. पायावर पेन्सिलीची रेघ तिने मारावी. तिचा हात तिथवर पोचत नसेल तर कोणीतरी हात धरावा, पण जागा तिची. मग मुलाने कापावे. जास्त असले तर कोणालाही कापता येते. कमी पडले तर मला इथून काहीच करता येत नाही.

चारही पाय सारखे कापा. नाहीतर पुन्हा डुगडुगेल.

दादा


१० मे

ती. दादांस सा. न. वि. वि.

पाय पोचले. बसवले तेव्हा टेबल ठकूच्या डोक्याइतकं उंच झालं आणि ती किती दिवसांनी हसली. म्हणाली की मामाआजोबांनी या वेळी जिराफाचं माप घेतलं. रेघ तिनं मारली. मी नुसतं मनगट धरलं होतं. मुलानं दुपारभर बसून कापले, चारही सारखे. एकदाही डुगडुगत नाही.

आता कोपर तुमच्या खळग्यात बसतं आणि हात तोंडाच्या समोर येतो. हातांच्या व्यायामाच्या बाई येऊन पाहून गेल्या, त्यांना फार आवडलं. पण दादा, तुम्हाला गोड करून लिहायचं नाही असं ठरलेलं आहे. इतके दिवस पडून राहिल्यानं तिच्या हातातलाही जोर गेला आहे. बाई म्हणतात की थोडा परत येईल, किंवा येणार नाही. त्यांनी दिलेला लांब दांड्याचा चमचा लोखंडाचा आहे, तिला तो पेलत नाही. साध्या चमच्यात ती एकच वाटाणा घेते. चमचा निघतो, वर येतो आणि ओठांपासून दोन बोटांवर थांबतो. तिथेच राहतो. पूर्वी त्या दोन बोटांसाठी मान खाली यायची.

मला मदत करायची बंदी आहे. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून तिच्यासमोर बसते. ती त्या वाटाण्याकडे पाहते, मी त्या वाटाण्याकडे पाहते. मग ती म्हणते की आज नाही, आजी. मग मी भरवते. पोटभर जेवते, रंग चांगला आहे, श्वासाची तक्रार नाही. हे सगळं आम्हाला हवं होतं आणि ते मिळालं. मुलगा आता कमी वेळ हात धुतो.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेवा, त्यात काही कमीजास्त करू नका.

धाकटी

ता. क. खालचा मजकूर ठकू सांगते आहे, मी फक्त लिहिते.

मामाआजोबा, टेबल बरोबर आहे. आता एक चमचा करा. लाकडाचा, तुमच्याकडच्या सगळ्यात हलक्या लाकडाचा, मी उचलला आहे हे मला कळणारही नाही इतका हलका. पुढे थोडा तोंडाकडे वळलेला. दांडा दोन बोटं लांब हवा, पण तुम्ही जास्त ठेवा. नंतर कापता येतो. वाटाणा मी थांबवून ठेवला आहे.